झोळीचं लुगडं

पार्बता, तुझ्या मयतीला इतकी माणसं आली की मला राग आला.

खोटं काहून बोलू? रडू मागून आलं, आधी राग आला. तुझ्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या पाळीवर बैलबंड्या सुटलेल्या, कुंपणाला सायकली टेकलेल्या, आणि लाखनीकडच्या मोटारीतून बाया उतरून, पदर तोंडाला लावून येऊन राहिल्या होत्या. एकीला मी विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?" तर म्हणते, "कोणाकडच्या नाही बाई, आम्ही कामावरच्या." जसं मावस असतं, चुलत असतं, तसं कामावरची हे एक नातंच आहे. आणि मी, तुझ्या माहेरच्या गावची, कोंढ्याच्या शाळेत तुझ्यासोबत एका पाटीवर अक्षरं गिरवलेली, मी मागे भिंतीला टेकून उभी. माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? माझ्या वेळी एवढे येतील का, हेच चाललं होतं. पाटलाच्या घरची म्हणून खांदेकरी मिळतील. मोटार धरून कोण येईल?

सगळे त्रिशरण म्हणायला लागले. मला येत नव्हतं, मी नुसते ओठ हलवले. तुझ्या सुजाताने मला पाहिलं आणि माझा हात धरला. आई तिची गेली आणि धीर ती मला देऊन राहिली होती. हेही तुझंच शिकवणं. आमचे मालक तर पुढे होऊन तुझ्या तिरडीला खांदा देऊन आले. घरी येऊन पाय धुता धुता म्हणतात, "बाई होती बापा." एवढंच बोलले. पण माझ्याबद्दल एवढंही ते इतक्या वर्षांत बोललेले मला आठवत नाही.

बोलताना आपण तुले-मले करायचो. लिहायला बसली की माझा हात शाळेतलं लिहितो. हसायचं तर हस.

लहानपणापासून तुला मागता येत होतं, त्याचाच मला पहिला हेवा. मास्तरांच्या घरच्या पेरूखाली आपण दोघी उभ्या राहायचो. मी मान खाली घालून, कोणीतरी द्यावं म्हणून. तू वर पाहून सरळ म्हणायची, "मास्तर, तो पिकला हाये." तुला पेरू मिळायचा. त्यातला अर्धा तू मला द्यायची, आणि तो अर्धा मला गोड लागायचा नाही. मग नशिबानं आपल्याला दिलंही एकाच गावात. एका गावच्या लेकी म्हणजे बहिणी, जात कोणतीही असो, असा आपल्याकडचा रिवाज. पण हा रिवाज ओट्यापर्यंतच. तू माझ्या ओट्यावर बसायची, आत कधी आली नाही. मी तुझ्या टोळीवर, गावाबाहेरच्या तुमच्या वस्तीत, निरोप द्यायला यायची, पाणी कधी प्याली नाही. चारचौघांत तू मला पाटलीणबाई म्हणायची आणि एकटी असली की वच्छे.

पाटलीणबाई! नावच मोठं. पाच भावांत जमीन वाटली गेल्यावर आमच्या वाट्याला आल्या त्या पलीकडच्या गावच्या तलावाच्या पाटावरच्या शेवटच्या बांध्या, धानाचे तुकडे. वरच्यांचं धान भिजून उरलं तर आमच्याकडे पाणी. बहुतेक वर्षी उरायचं नाही. दिवाळीनंतरचे काही महिने कोठीत धान दिसायचं, मग तळ. पण आमच्या गल्लीचा कायदा असा की पोट रिकामं चाललं, चूल रिकामी दिसली नाही पाहिजे. सांज झाली की छपराच्या कवेलूतून धूर निघालाच पाहिजे. सासूबाई मला सांगायच्या, "तवा तापव, सूनबाई." तवा तापला की त्याच्यावर दोन लाल मिरच्या टाकायच्या. ठसका गल्लीभर जायचा. शेजारी खोकले की सासूबाईंच्या तोंडावर समाधान. लोकांना वाटावं, पाटलाच्या घरी आज तिखट भाजी आहे. आणि घरात काय? रानातल्या तरोट्याची भाजी मिठात उकडलेली, आणि पेज. आमची लेकरं ते मुकाट खायची. त्यांनाही कायदा समजला होता.

तुझ्या टोळीवर असं नव्हतं. तुझ्या घरी नाही म्हणजे नाही, हे सगळ्यांना दिसायचं. कोणाकडे आंबील झाली की गाडगं फिरायचं. तुझी लेकरं कोणाच्याही अंगणात जेवायची आणि त्यांची तुझ्या. मी बोडीवर धुणं धुताना पलीकडून तुमचं हसणं ऐकायची. म्हणायची, यांना काय हसायला होऊन राहिलं? पोटात नाही, अंगावर नाही, आणि दात काढून राहिल्या. खरं म्हणजे मला ते हसणं पाहिजे होतं.

रोजगार हमीचं काम निघालं तेव्हा तू पहिल्या दिवशी गेली. तळ्यातला गाळ उपसायचा, काठच्या पाळीवर टाकायचा. संध्याकाळी तुम्ही ओळीनं परत यायच्या, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर रिकामी टोपली उलटी. मी दाराच्या फटीतून पाहायची. एकदा आम्ही बंडीनं लाखनीला जात होतो, तर रस्त्यावरच्या हॉटेलात बाकड्यावर बसून तुम्ही चहा पिऊन राहिल्या होत्या. स्वतःच्या चुकाऱ्याचा, मजुरीच्या पैशाचा चहा. तू बशीत ओतून फुर्रकन ओढला आणि मला पाहून बशी वर केली. मी पदर पुढे ओढला. आमचे मालक म्हणाले, "पाय, काय मजेत हाये." मी घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

मग तू एक दिवस ओट्यावर येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलली आणि एकदम म्हणाली, "वच्छे, मिरचीवर जगून राहिली का वं तू?"

मी म्हटलं, "काय?"

"रोज मिरचीचा ठसका येते तुमच्या घरून. तेलाचा वास येत नाही, कांद्याचा येत नाही. वांगं नाही, झिंगे नाही. नुसती मिरची. माणूस मिरचीवर किती दिवस जगंन?"

मला एवढा संताप आला की सांगता येत नाही. सासूबाई आत होत्या. मी हळू आवाजात म्हटलं, "तुझं नाक आमच्या चुलीत कायले?"

तू उठली नाही. म्हणाली, "पलीकडच्या गावच्या तलावावर काम निघून राहिलं. तिथं तुले कोणी ओळखत नाही. येजो माझ्यासोबत. माहेरी चालली म्हणून सांगजो घरी."

दोन दिवस मी स्वतःशीच भांडली. मग लहान्याला ताप आला आणि त्याच्या तोंडात घालायला साधी पेजही नव्हती, तेव्हा निघाली. आता तुझ्या आवडीची गोष्ट येते, जी तू बायांना रंगवून सांगायची. मी तिथं नसली तरी सांगायची हे मला माहीत आहे.

माझ्याजवळ धड असं एकच पातळ होतं, लग्नातलं. बाकीची दोन घरात नेसायची, तीही भोकं झाकून. परक्या गावात, परक्या लोकांत फाटकं नेसून पाटलाची सून जाईल कशी? माहेरी जाते असं सांगितलं होतं, म्हणून घरूनही तेच नेसून निघावं लागलं. जांभळं, जरीच्या काठाचं. तशी मी तलावाच्या पाळीवर उभी राहिली. मुकादमाने मला पाहिलं आणि हातातला टेप टाकून पळत आला. त्याला वाटलं तालुक्याहून कोणी बाईसाहेब तपासणीला आल्या. ओव्हरसियरसाठी ठेवलेली लोखंडी खुर्ची त्याने स्वतःच्या दुपट्ट्यानं पुसली, मोहाच्या सावलीत मांडली, म्हणाला, "बसा बाई." आणि मी बसली!

काय करणार होती? काम मागायला आली असं म्हणायला तोंडच उघडेना. तो मला पाळ दाखवून राहिला, किती उंच झाली, कुठून माती येते. मी मान हलवून राहिली. थंड पाणी आणून दिलं, तेही प्याली. आणि तू खालून टोपली डोक्यावर घेऊन येताना मला खुर्चीवर पाहिलं आणि थांबली. मागच्या बाया तुझ्यावर आदळल्या. तू हसली नाही, हे मी मानते. ओठ दाताखाली धरून पुढे गेली. परत येताना माझ्याजवळून गेली तेव्हा हळूच म्हणाली, "साहेबीण, चहा सांगू का?"

सकाळ तशीच गेली. जेवणाच्या सुट्टीत तू आली. मुकादमाला म्हणाली, "दादा, ह्या माझ्या गावच्या हायेत, काम कराले आल्या." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे. बिचारा स्वतःच लाजला. मी म्हटलं, "या पातळावर मी चिखलात कशी उतरू?" तू इकडेतिकडे पाहिलं. मोहाच्या फांदीला तुझ्या सुजाताची झोळी बांधली होती, तुझ्या जुन्या लुगड्याची. तू पोरीला उचललं, गाठ सोडली, लुगडं झटकलं आणि माझ्या हातात दिलं.

"घे. नेस."

पार्बता, त्या वेळी माझ्या मनात काय काय आलं असेल ते तुला कळलं होतं. म्हणूनच तू दुसरीकडे पाहून उभी राहिली. तुमच्या घरचं पाणी न पिणारी मी, तुझं अंगावरचं लुगडं नेसणार? त्याला तुझा वास होता, पोरीच्या दुधाचा वास होता. मी बेशरमाच्या झुडपाआड गेली आणि नेसली. बाहेर येऊन पाहते तर तू माझं लग्नातलं पातळ सावलीत चौघडी करून अंथरलं आणि त्याच्यावर पोरीला निजवलं. मला न विचारता! आणि काम सुटेपर्यंत तुझ्या लेकीनं त्याच्यावर व्हायचं ते केलं होतं. मी बोलायला गेली तर म्हणते कशी, "फिटंफाट. तुले तिची झोळी, तिले तुझं पातळ."

परत येताना मी तुमच्या ओळीत होती. माझ्याही पिंढऱ्यांना चिखल होता. बाया माझ्या खुर्चीवरून हसत होत्या आणि मीही हसली. इतकी हसली की पाळीवर बसून पोट धरलं. तेव्हा तू एक बोलली, जे मी हसण्यातच घालवलं. तू म्हणाली, "एवढ्या दिवसांची मी कामावर येऊन राहिली, खुर्चीवर कोणी मले बस म्हटलं नाही. तू आली तं पहिल्याच दिवशी बसली." म्हणाली आणि टोपली दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं थट्टा करून राहिली.

घरी अर्थात कळलं. अशी गोष्ट माझ्याआधी गावात पोचते. सासूबाईंनी मला मोरीपाशीच उभी केली, डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय आत येऊ दिलं नाही. रोज तसंच चाललं. रोज मी ते लुगडं ओलंच आड्यावर टाकायची आणि सकाळी तेच नेसून निघायची. पहिला चुकारा झाला, तांदूळ आणले, भात रांधला. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी ताट ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." त्यानंतर आमच्या तव्यावर नुसती मिरची जळाली नाही.

हे तुझे उपकार, मी नाकारत नाही. पण उपकार करणाऱ्यावर माणूस जास्त जळतं, हे तुला कोणी सांगितलं नाही का? माझ्यामागून आमच्या गल्लीतल्या आणखी बाया निघाल्या, त्याही माझ्यासारख्याच दार लावून पेज पिणाऱ्या. वाट मी पाडली, शिव्या मी खाल्ल्या, आणि त्या नाव घ्यायच्या तुझं. पार्बताबाई असली की चुकारा रखडत नाही. पार्बताबाई तहसिलीत टेबलावर हात आपटते. पार्बताबाईनं लेकरांसाठी मांडव घालायला लावला. माझी स्वतःची पोरगी घरात काही बिनसलं की तुझ्या टोळीवर पळायची. काय म्हणायची माहीत आहे? "मावशी ऐकते, तू नुसती तोंड वाकडं करते." घ्या! लेक माझी आणि मावशी तिची.

आणि तो सर्व्हे. सरकारनं ठरवलं की गरिबातल्या गरिबाला शेळ्या द्यायच्या, म्हणून एक साहेब घरोघर विचारत आला. कामावर जाऊन दोन घास मिळत होते, पण शेळ्या मिळाल्या तर लेकरांना दूध झालं असतं. मी ठरवलं होतं की सांगायचं, सगळं सांगायचं. तर सासूबाईंनी त्याच्यासाठी शेजारून उसनी साखर आणली. कपबशी उसनी आणली. बैठकीत सतरंजी टाकली, तीही दिराच्या घरची. साहेब चहा प्याला, सतरंजीवर हात फिरवून म्हणाला, "तुमचं बरं आहे, खातंपितं घर." मी दाराआड उभी. पुढे होऊन बोलायचं होतं, पाय उचलला नाही. तुझ्या घरी तो उभ्यानेच आला आणि उभ्यानेच गेला. तुला शेळ्या मिळाल्या, मला उष्टी कपबशी धुवायला मिळाली.

तुझ्या शेळ्या पहिल्यांदा बोडीच्या पाळीवर चरताना दिसल्या, त्या दिवशी आपलं ते मोठं भांडण झालं. तू आपली कौतुकानं दाखवून राहिली, ही गाभण आहे, ही गरीब आहे, हिला कान धरून नेलं तरी येते. मी ऐकलं, ऐकलं आणि फाडकन बोलली, "तुझं बरं हाये. तुझी गरिबी तुले पोसते. आमची आमाले खाते."

तू शेळीचा कान सोडला. म्हणाली, "तुझी गरिबी तू कुलपात ठेवली वच्छे. माझी अंगणात हाये. अंगणातलीले शेजारी तरी पायते."

"अंगणात ठेवायची सोय हाये तुले. आमाले कुठं?"

"बरं. मंग अदलाबदल करू," तू म्हणाली. अगदी शांत बोलली. "शेळ्या घे. माझी गरिबी घे. आन तिच्यासोबत माझी जातही घे. उद्यापासून तुमच्याच विहिरीखाली घागर घेऊन उभी राहजो. कोणी वरून ओतंन तं भरजो, नाही ओतलं तं रिकामी घेऊन जाजो. करते का?"

तू शेळ्या हाकल्या आणि जाता जाता मागे वळून विचारलं, "सांग तं मंग, कोण गरीब? तू का मी?"

तेव्हापासून हे आपलं सुरू झालं. कामावर, बाजारात, मोटारीत, कुठंही. माझा पदर फाटला की तू भुवया उडवायची, "कोण?" तुझ्या घराची भिंत पावसात बसली की मी विचारायची, "कोण?" बायांना वाटायचं आपला काही खेळ आहे. खेळ नव्हता. तुला खरंच उत्तर पाहिजे होतं आणि मलाही. तू म्हणायची, ज्याले मागता येत नाही तो गरीब. मी म्हणायची, ज्याला मागावं लागते तो गरीब. आणि विहिरीचं जे तू बोलली होती, ते आपण दोघींनी पुन्हा काढलं नाही. ते तसंच खाली पडून राहिलं. खरं सांगते, एवढं ऐकूनही माझा हेवा कमी झाला नाही. असा हा किडा आहे, त्याला काही सांगून उपयोग नाही.

यंदा धान कापून झालं आणि तुला ताप धरला. लाखनीच्या डॉक्टरनं सुया दिल्या, भंडाऱ्याला नेलं, परत आणलं. मी आली तेव्हा तू खाटेवर होती, हाताची नुसती काडी झालेली. खाटेभोवती बाया इतक्या की मला जागा कोणी देईना. तू म्हणाली, "सरका वं, पाटलीणबाईले बसू द्या." कुठून तरी स्टूल आलं. मी बसली. तू डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली. तर हळूच, "सांग तं आता. कोण?"

मी म्हटलं, "बरी हो आधी, मग भांडू."

तू हसली. सुजाताने लोट्यात पाणी आणून माझ्यापुढे धरलं. मी प्याली. सगळं प्याली. तू एक डोळा उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटला. इतकं बोलणारी तू, आणि नेमकी तेव्हा गप्प राहिली. तुला काय वाटलं हे मला आता कधी कळणार नाही.

तू गेल्यावर थोडे दिवस तसेच गेले. मग बाया आल्या. तुझ्या टोळीच्या आणि माझ्या गल्लीच्या, सोबत आल्या आणि माझ्या ओट्यावर बसल्या. उन्हाळा तोंडावर आहे, काम मागायला जायचं आहे, मागितल्याशिवाय निघत नाही. पुढे कोण होईल? सगळ्या माझ्याकडे पाहून राहिल्या. मी म्हटलं, "मले नाही येत मागता." तर त्यातली एक म्हातारी म्हणते, "पार्बता सांगून गेली, वच्छलाले न्या. तिले खुर्ची देतेत. आपल्याले उभं ठेवतेत."

तेव्हा मला ती पाळ आठवली, आणि तू टोपली दुसऱ्या हातात घेतली ते आठवलं. म्हणजे तुझ्याही पोटात होतं. एवढी वर्षं तू ते ठेवलं आणि मला वाटू दिलं की जळणारी मी एकटीच आहे. माझी थोडी तरी सोय केली असती, एकदा सांगितलं असतं की वच्छे, मीही तुझ्यावर जळते. आपण मिळून जळलो असतो.

गेली मी तहसिलीत. साहेबानं वर पाहिलं आणि खरंच म्हणाला, "बसा बाई." बाया मागे उभ्या. मी खुर्ची ओढली आणि मागच्या म्हातारीला बसवलं. साहेबाला हे आवडलं नाही. म्हणाला, अर्ज ठेवून जा, पाहू. मागून एक कुजबुजली, "पार्बताबाई असती तं हात आपटला असता." मरूनही पिच्छा सोडत नाही ही बाई, असं मनात म्हटलं आणि आपटला हात. कप सांडला, चहा त्याच्या कागदांवर गेला. तो ओरडला, मी त्याहून मोठ्यानं ओरडली. काय ओरडली ते मला आठवत नाही. बाया सांगतात की मी मागितलं, सरळ, पेरू मागावा तसं. त्यांना पेरूची गोष्ट कोणी सांगितली? तूच सांगितली असशील.

काम निघालं. कालपासून सुरू आहे, त्याच तलावावर. मोह गळून राहिला आहे, खाली सगळा सडा. एका नवीन पोरीनं तान्हं लेकरू तिथंच मातीवर निजवलं होतं, मुंग्या चढून राहिल्या होत्या. आज सकाळी मी आड्यावरून तुझं लुगडं काढलं. तू कधी परत मागितलं नाही, मी कधी दिलं नाही. विरलं आहे, पण लेकराच्या वजनाला पुरे आहे. त्याच फांदीला झोळी बांधायला गेली तर गाठ बसेना, सुटून सुटून जाय. बायांनी दाखवलं, पार्बताबाई अशी मारत होती. पाहा, गाठीतही तूच. बसली एकदाची. लेकरू झोपलं.

जेवणाच्या सुट्टीत त्या तुझ्या गोष्टी काढून बसल्या. पार्बताबाईनं असं केलं, पार्बताबाई तसं म्हणाली. मी भाकरी हातात घेऊन वाट पाहून राहिली की आता मला राग येईल, नेहमी येतो तसा. आला नाही. पाळीकडे पाहिलं. तू टोपली घेऊन वर येताना दिसली पाहिजे, माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या पाहिजेत, तेव्हा माझं ते पेटते. पाळीवर दुसऱ्याच बाया होत्या. त्यांच्यावर जळून काय करू?

तर ऐक, तुझं भांडण मिटवते. घरात तांदूळ आहे. लेकरं हाताशी आली. शेवटच्या बांधीलाही या पाळीमुळे पाणी येईल म्हणतात. आणि जन्मभर जिचा हेवा केला, ती एकच माझ्याजवळ होती, तीही राहिली नाही. कोण? तर मी, पार्बता. मी गरीब. आता तो सर्व्हेवाला साहेब आला तर चहा करणार नाही, सतरंजी टाकणार नाही. दारातच सांगीन.